बाबांचा डोंगा: जानेवारीपासून भाऊबीजेपर्यंत

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर, ब्रह्मपुरी-आरमोरी पट्ट्यातलं. मामाचं गाव पलीकडच्या काठावर, नदीनं खाली गेलं तर नऊ-दहा किलोमीटर आणि रस्त्यानं पुलावरून फिरून गेलं तर चाळीसच्या वर, त्यात दोन एस्ट्या बदलायच्या आणि दुसरी मिळेलच याचा भरवसा नाही. म्हणून भाऊबीजेला आम्ही डोंग्यानं, म्हणजे लहान होडीनं, जायचो. हे १९९० ते ९८ च्या दरम्यानचं सांगते आहे. आजोबांनी आंब्याच्या खोडातून कोरून घेतलेला १८ फुटी डोंगा होता घरचा. माझी आत्या मामाच्या शेजारच्याच गावात दिलेली, ती पाडव्याला इकडे यायची, भाऊबीजेला सकाळी बाबांना ओवाळायची आणि मग त्याच डोंग्यात आमच्यासोबत परत जायची, आणि आई तिकडे मामाला ओवाळायला. म्हणजे एका डोंग्यात दोन बहिणी, एक भावाकडून निघालेली आणि एक भावाकडे चाललेली.

बसायच्या जागा ठरलेल्या. समोर आजोबा बांबू घेऊन, मागे बाबा वल्हं घेऊन, मधात आई मांडीवर करंज्या-अनारशाचा डबा धरून, तिच्यासमोर आत्या, आणि मी आत्याच्या पायाशी. माझ्याकडे डालड्याचा रिकामा डबा, पाणी उपसायला. डोंग्याच्या बुडाशी एक गाठ होती, फांदी फुटल्याची जागा, तिथे डांबर भरलेलं असायचं तरी थोडं थोडं पाणी झिरपायचंच. मी त्या गाठीवर टाच दाबून बसायची. डांबर वरून उन्हानं गरम असायचं आणि खालून नदीचा गारवा लागायचा, ते एकाच वेळी टाचेला जाणवायचं, अजून आठवते मला. मोठा डोह आला की आई हळद-कुंकू वाहायची, दहा पैसे टाकायची आणि डोह पार होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. फक्त वल्ह्यावरून पाणी गळल्याचा आवाज. पलीकडे पोचलो की लाखोरीच्या डाळीचे वडे, दुसऱ्या दिवशी मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, रात्री नाटक, तणसावर बसून अर्ध नाटक पाहायचं नि अर्ध झोपेत.

मग हळूहळू गाड्या आल्या, आजोबा गेले, आत्या मुलाकडे गोंदियाला राहायला गेली. डोंगा घाटावर बाभळीला बांधलेला राहायचा, बाबा कधी मासोळीसाठी घेऊन जायचे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला जो पूर आला, गोसेखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले होते तेव्हा, त्या पुरात डोंगा गेला. साखळी आणि अर्धी बाभूळ सापडली फक्त. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. पण घाटाकडे जाणं त्यांनी बंद केलं, आणि ते मला दोन वर्षांनी लक्षात आलं, मी ब्रह्मपुरीला राहते आणि महिन्यातून एकदा गावाला जाते म्हणून.

जून २०२२ मध्ये आमच्या बांधीच्या (धानाच्या शेताच्या) धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, आंब्यावर वीज पडली. अर्धं झाड वाळलं. संक्रांतीला, जानेवारी २०२३, आम्ही सगळे शेतात गेलो होतो तेव्हा बाबा त्या झाडाला हात लावून बराच वेळ उभे राहिले, खोडाला चहूकडून पाहिलं आणि म्हणाले, "सरका हाये. सोळा फूट निघते." सरका म्हणजे सरळ. बस, एवढंच. त्यांचं वय तेव्हा ७४. मी त्याच रात्री ठरवलं की ह्या वर्षीची भाऊबीज डोंग्यानं करायची. बाजारात पत्र्याचा डोंगा १५ हजारात बनवून देणारा माणूस होता, मी बाबांना विचारलंही, तर "पत्र्याचा चालते, पण तो आपला नोहे बाई" म्हणाले.

आता कागदांचं. आंबा आपल्या शेतातला असला, आपल्या आजोबांनी लावलेला असला, वाळलेला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९६४ च्या झाडं तोडण्याच्या कायद्यात जी अनुसूचित झाडं आहेत त्यात साग, मोह, चिंच, जांभूळ यांच्यासोबत आंबाही आहे. गावात बरेच लोक म्हणाले तोडून टाक, कोण पाहते. मी शाळेत शिकवते, माझ्याच्यानं ते झालं नसतं, आणि बाबांच्या डोंग्याला असं काही चिकटलेलं मला नकोच होतं.

१६ जानेवारीला तलाठी कार्यालयात गेले. सातबारा आणि आठ-अ हे जमिनीचे उतारे मी आधीच ऑनलाइन काढले होते, डिजिटल सहीचे, १५ रुपये एकाचे. तिथे कळलं की आमच्या सातबाऱ्यावर ह्या झाडाची नोंदच नाही. हे आमच्याच घराचं राहून गेलेलं होतं, आजोबांनी कधी लावून घेतली नाही आणि बाबांनी पाहिलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते, झाड तोडायचा विचार असो की नसो, आपल्या शेतातली मोठी झाडं सातबाऱ्यावर आहेत का ते आजच पाहून घ्या. आमचा एक महिना त्यातच गेला. तलाठी साहेब पाहणीला आले, पंचनामा झाला, शेजारच्या दोन शेतकऱ्यांच्या सह्या झाल्या, मग नोंद.

ह्याच महिन्यात हिस्सेदारांची संमती. सातबाऱ्यावर चार नावं: बाबा, दोन काका आणि आत्या. १०० रुपयांच्या स्टॅम्पवर संमतीपत्र आणि नोटरीचे ३०० रुपये. काकांचं एका दिवसात झालं. आत्यासाठी गोंदियाला गेले, मनात भीती होती कारण शेताच्या कागदावर बहिणीची सही मागायला गेलं की घराघरांत काय होते ते आपल्याला माहीत आहे. मी चहा पिता पिता सगळं सांगितलं. ती ७० वर्षांची, गुडघे गेलेले. तिनं चष्मा मागवला, कागद दोनदा वाचला, आणि म्हणाली, "सही देतो मी. पण डोंग्यात मले बी बसवजो." मी हो म्हटलं आणि तिथून माझं काम दुप्पट अवघड झालं, कारण आता तारीख पक्की होती.

१३ फेब्रुवारीला फॉरेस्टच्या रेंज ऑफिसमध्ये अर्ज दिला. सोबत सातबारा, आठ-अ, शेताचा नकाशा, आधारच्या झेरॉक्स, संमतीपत्र, पंचनाम्याची प्रत आणि वीज पडलेल्या झाडाचे फोटो. फोटो कोणी मागितले नव्हते पण मी चार बाजूंनी काढून नेले आणि त्याचा फायदा झाला, तिथल्या साहेबांना फोटो पाहूनच अर्धी गोष्ट कळली. अर्जात कारण स्पष्ट लिहा. मी आधी नुसतं "घरगुती वापरासाठी" लिहिलं होतं, तिथल्या बाबूंनीच सांगितलं की मॅडम, वीज पडून झाड वाळलं आणि डोंगा करायचा आहे असं पूर्ण लिहा. आणि पोच घ्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. पोचशिवाय तिथून हलू नका.

मग वाट पाहणं. ही वाट पाहणं फार जड गेलं. फेब्रुवारी गेला, मार्च आला, मी दर सोमवारी शाळा सुटल्यावर फोन करायची. आमच्याकडे त्या दिवसांत बाजूच्या गावच्या शिवारात वाघ फिरत होता, फॉरेस्टची सगळी माणसं रात्रंदिवस तिकडेच, आणि माणसाच्या जिवापुढे माझं झाड महत्त्वाचं नाही हे मलाही कळत होतं. पण बाबा रोज विचारायचे. "आला का कागद?" नाही म्हटलं की दुसरं काही विचारायचे नाहीत, अंगणात जाऊन बसायचे. एकदा तर मला वाटलं की मी त्यांना उगाच आशा लावली, गप्प होते तर बरं होतं.

२८ मार्चला पाहणी झाली. छातीच्या उंचीवर घेर मोजला, २ मीटर ६० सेंटीमीटर. बाबांनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. २४ एप्रिलला परवानगीचं पत्र हातात आलं, अट अशी की बदल्यात दोन झाडं लावायची आणि जगवायची. अर्ज दिल्यापासून ७० दिवस. मी पत्र घेऊन सरळ गावाला गेले, बाबांनी ते वाचलं, घडी करून देव्हाऱ्यात ठेवलं.

एक गोष्ट फार कामाची, जी आम्हाला वाढईनं (सुतारानं) सांगितली. लाकूड दुसऱ्या गावी नेऊन कोरायचं म्हटलं की वाहतुकीचा पास वेगळा काढावा लागू शकतो, म्हणून झाड जिथं पडेल तिथंच डोंगा कोरायचा. डोंगा कोरणारे वाढई आता आमच्या भागात फार थोडे उरले, हे दोन गावं सोडून राहतात, साठीच्या पुढचे. ते आणि त्यांचा पुतण्या रोज सायकलनं यायचे. वाढईदादांची मजुरी ७०० रुपये रोज, पुतण्याची ४००.

६ मे ला झाड पाडलं. कटरवाला आणि दोन मजूर, ३,५०० रुपये. पाडायच्या आधी आईनं झाडाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. माझ्या मुलाला, तो तेव्हा ११ वर्षांचा होता, झाड पडताना रडू आलं आणि बाबांनी त्याला जवळ घेऊन सांगितलं की ह्या झाडाचे आंबे तुझ्या पणजोबांनी खाल्ले, आता ते आपल्याले पाण्यावर नेईल.

२३ दिवस काम चाललं. मे महिन्याचं ऊन म्हणजे आमच्याकडे काय असते ते सांगायला नको, ते दोघं सकाळी पाच ते दहा आणि संध्याकाळी चार ते सात काम करायचे. आधी कुऱ्हाडीनं वरची बाजू सपाट केली, मग आतून वाकसानं कोरत गेले. वाढईदादा मधून मधून थांबायचे आणि बाहेरून बोटाच्या पेरानं खोड वाजवून पाहायचे. मी विचारलं काय पाहता. म्हणाले, जाड असलं तर बद्द वाजते, बरोबर झालं की मडक्यासारखं वाजते. बूड दोन इंच, बाजू एक-सव्वा इंच, एवढं ते कुठल्याही पट्टीशिवाय नुसत्या आवाजावर धरत होते. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझ्या मुलाचा हात धरून त्यालाही वाजवायला लावलं, आणि पोरगं दिवसभर घरातले माठ वाजवत फिरत होतं.

२२ मे ला सकाळी फोन आला, चीर गेली. समोरच्या टोकाला, हातभर लांब. आम्ही शेण-मातीनं टोकं लिंपली होती, वरून ओली पोती टाकली होती, पण एक दुपार पोती वाळली, तेवढ्यातच झालं. मी पोचले तेव्हा बाबा चिरेवर तळहात ठेवून बसले होते जसं एखाद्याच्या ताप आलेल्या कपाळावर ठेवतात. मला फार वाईट वाटलं, पाण्यासाठी शेतात माणूस ठेवायला पाहिजे होता आणि २००-३०० रुपयांसाठी आम्ही ठेवला नाही. तुम्ही कोणी करत असाल तर हे पैसे वाचवू नका. वाढईदादांनी चीर पाहिली आणि म्हणाले आरपार नाही, पट्टी मारून धरते. पण त्या दिवसापासून बाबा स्वतःच दुपारभर तिथं सावली करून बसले आणि दर तासाला पाणी मारत राहिले.

कोरून झाला की लगेच नदीत नाही टाकायचा. पहिला पाऊस झाला, आमची बोडी (लहान तळं) भरली तसा डोंगा बोडीत नेऊन दगड भरून बुडवला. जुलै ते ऑक्टोबर तो पाण्याखाली. बाबा म्हणाले ओलं लाकूड पाण्यातच मुरलं की मग फाटत नाही, आजोबांनीही असंच केलं होतं. पाऊसभर काही दिसत नव्हतं, फक्त दोर बांधलेला खुंटा. धान कापणीच्या आधी, १५ ऑक्टोबरला, दहा माणसं लावून बाहेर काढला. काळपट, निसरडा झाला होता, आणि आतमध्ये झिंगे! पोरांनी ते वेचून नेले. सावलीत आठ दिवस निथळू दिला, चिरेत सुतळी ठोकून डांबर भरलं, वरून पत्र्याच्या पट्ट्या, आणि आतून-बाहेरून मोहाच्या टोळीचं (बियांचं) तेल तीन वेळा. तेल बाबांनी दुसऱ्या कोणाला लावू दिलं नाही.

खर्च लिहून ठेवला आहे तो देते. कागद आणि नोटरी ४००, माझ्या चकरांचं पेट्रोल-तिकीट साधारण १,८००, झाड पाडणं ३,५००, मजुरी २५,३००, डांबर-पट्ट्या-खिळे १,४५०, तेल ९००, दोन वल्ही १,२०० आणि सहा लाइफ जॅकेट ५,१००. एकूण ३९,६५०. जॅकेटवरून घरात बोलणं झालं, बाबा म्हणाले आम्ही जन्मभर असेच गेलो. मी ऐकलं नाही. आमच्या लहानपणची नदी आणि आत्ताची नदी एक नाही. तेव्हा दिवाळीनंतर पाणी हळूहळू उतरत जायचं आणि बाबांना प्रत्येक खडक पाठ होता. आता वरून गोसेखुर्दचं पाणी सोडतील तसं चढते-उतरते, आणि रेती उपसल्यानं जिथं गुडघाभर पाणी असायचं तिथं एकाएकी खोल खड्डे आहेत. म्हणून जायच्या आधी विसर्ग किती चालू आहे ते विचारा, आम्ही आदल्या संध्याकाळी आणि सकाळी दोनदा विचारलं. पोलीस पाटलांना सांगून ठेवलं. आणि परत अंधारात यायचं नाही हे आधीच ठरवलं, काठाच्या झुडपांत वाघाचा वावर आहे.

घाटावरचे डोंगेवाले काका सोबत आले म्हणून हे जमलं. त्यांनी त्यांचा पत्र्याचा डोंगा आमच्या डोंग्याच्या बाजूला दोन आडव्या बांबूंनी बांधून दिला, जोडडोंगा. असा बांधला की सहजासहजी उलटत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना चढा-उतरायलाही सोपं. त्यांनी पैसे घेतले नाहीत, आईनं त्यांच्या घरी फराळ पाठवला.

आत्या पाडव्याला आली, ३० वर्षांपूर्वीसारखीच. भाऊबीजेला सकाळी सातला तिनं बाबांना ओवाळलं. घाटावर दोन पोरांनी तिला खुर्चीसकट उचलून डोंग्यात बसवलं. खुर्ची काढून घेतली आणि ती बुडावर मांडी घालायला गेली, गुडघा वाकेना, तर आईनं तिच्यापाठी तणसाची पेंढी लावली आणि तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले. दोघी नणंद-भावजया तशाच शेवटपर्यंत बसल्या. डबा आता स्टीलचा होता, करंज्या त्याच. पाणी उपसायला मी मुलाच्या हातात प्लास्टिकचा मग दिला तर बाबांनी पिशवीतून डालड्याचा डबा काढला. गंजलेला. तो कुठं ठेवला होता त्यांनी इतकी वर्षं, मला माहीत नाही.

पहिला अर्धा तास बाबांचं वल्हं लागत नव्हतं. खांदा दुखत होता, डोंगा एका बाजूला ओढत होता, काका मागून सावरत होते. कोणी काही बोललं नाही. मग एका वळणावर प्रवाह सापडला आणि त्यांच्या हाताला ते आठवलं, एकदम पाण्याचा आवाज बदलला. आत्या डोळे मिटून होती, तिनं न पाहताच म्हटलं, "आता लागला दादाचा हात."

नव्या डोंग्यालाही एक गाठ आहे, मुलाच्या पायाशी. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. तो आपोआप टाच ठेवून बसला होता.

डोह आला. आईनं हळद-कुंकू वाहिलं, दहा पैसे आता कुठे, पाच रुपयांचं नाणं टाकलं. सगळे गप्प. मुलगाही. पाण्यावर ऊन होतं, काठावर धानाची कापणी चालू होती आणि बाया काम थांबवून आमच्याकडे पाहत होत्या. साडेआठला निघालो ते सव्वाअकराला पोचलो. मामा आजारी असतात, घाटावर येऊ शकले नाहीत, पण त्यांचा मुलगा आला होता, त्यानं आत्याला पाठकुळी घेतलं. आईनं मामाला ओवाळलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आंब्याचा आहे का. मंडई पाहायला आम्ही थांबलो नाही, आत्याला औषधं होती. दोनला निघालो आणि परतीला प्रवाहाच्या उलट साडेतीन तास लागले, हे लक्षात ठेवा, जाताना जेवढा वेळ लागतो तेवढा धरू नका. अंधार पडायच्या जेमतेम आधी घाटावर लागलो.

परवानगीच्या अटीतली दोन आंब्याची कलमं जुलैमध्ये धुऱ्यावर लावली होती, एक शेळीनं खाल्लं, त्या जागी दुसरं लावलं आणि दोन्हीला काट्यांचं कुंपण केलं. त्यांचे फोटो तारीख टाकून ठेवते आहे, कोणी विचारलं तर दाखवायला.

२३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत डोंगा उलटला. मिरची तोडायला निघालेल्या बाया होत्या, बुडाल्या. आमच्याकडे दोन दिवस दुसरं बोलणंच नव्हतं, कारण आमच्या गावच्या बायाही तशाच जातात, तशाच डोंग्यात, तेवढ्याच मजुरीसाठी. बाबांनी बातमी ऐकली, पेटीतून सहाही जॅकेट काढली आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून घाटावर नेली. डोंगेवाल्या काकांच्या झोपडीत खिळे ठोकून एकेक टांगलं. सगळ्यात लहान, माझ्या मुलाचं, दारापाशी. मी पुढच्या वेळी गेले तेव्हा पाच जागेवर होती आणि एक पलीकडे गेलेलं होतं, कोणाच्या तरी अंगावर.